ताळेबंदातला वाजवी भाव

(नायगाव येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



वसंत व्याख्यानमालेत साहित्यिकांना बोलवावे, प्राध्यापकांना बोलवावे, अशी आपल्याकडची रीत आहे. ह्या वर्षी चालकांनी कामगार-चळवळीतल्या माणसाला बोलाविले आणि विषय दिला तो हिशेबाचा. कंपन्या आपल्याजवळच्या आर्थिक कागदांची 'वाजवी किंमत' कशी ठरवितात आणि ती लोकांपुढे कशी मांडतात, हा तो विषय. आमचे शाळेतले शिक्षण बेताचेच. ताळेबंद वाचायला शिकलो तो बोनसच्या वाटाघाटींत, आणि तिथे जे कळेना ते दादरच्या ग्रंथसंग्रहालयात बसून. तेव्हा आज आपल्याला पंडिताचे व्याख्यान मिळणार नाही. ज्याला ताळेबंदाशी भांडावे लागले, अशा माणसाने तो कसा वाचला, एवढेच सांगता येईल.

कोणी म्हणेल, कंपन्यांच्या वह्यांत काय लिहिले आहे ह्याच्याशी नायगावकरांचा संबंध काय? स्प्रिंग मिलचा भोंगा थांबून वर्षे लोटली. खरे आहे. पण भोंगा थांबला म्हणून आपला कंपन्यांशी असलेला संबंध सुटला नाही. उलट तो आता न दिसणारा झाला आहे. आपला भविष्यनिर्वाह निधी कंपन्यांच्या कर्जरोख्यांत जातो. आयुर्विम्याचा हप्ता शेअरबाजारात जातो. मुलगा-मुलगी नोकरीला लागली की दरमहा काही रक्कम म्युच्युअल फंडात जाते. ह्या साऱ्या कागदांची किंमत कोणीतरी रोज किंवा दर तिमाहीला ठरवीत असतो. ती कशी ठरते, हे मालकाला आणि दलालाला माहीत आहे. ज्याचा पैसा त्यालाच तेवढे माहीत नाही.

प्रथम शब्द समजून घेऊ. 'आर्थिक साधन' हा शब्द भारी वाटतो, पण चाळीतली भिशी ज्याने पाहिली आहे त्याला तो अवघड नाही. भिशीत आपण हप्ता भरला की आपल्या बाजूने ते येणे झाले आणि भिशी चालविणाऱ्याच्या बाजूने देणे झाले. ज्या करारामुळे एकाच्या वहीत येणे चढते आणि दुसऱ्याच्या वहीत देणे किंवा मालकीचा हिस्सा चढतो, तो करार म्हणजे आर्थिक साधन. शेअर, कर्जरोखा, युनिट, डॉलरच्या वायद्याचा करार, गिऱ्हाइकाकडची उधारी, हे सारे त्यात आले. यंत्र किंवा जमीन त्यात येत नाही.

आता 'वाजवी किंमत'. आपल्याला रास्त भावाचे दुकान माहीत आहे. तिथला रास्त भाव सरकार ठरविते आणि गरिबाला परवडावे ह्या हेतूने ठरविते. तो न्यायाचा भाव आहे. ताळेबंदातली वाजवी किंमत तशी नव्हे. तिच्यात न्याय-अन्यायाचा प्रश्नच नाही. लेखामानक क्रमांक ११३ मध्ये तिची जी व्याख्या आहे तिचा साध्या भाषेत अर्थ असा: आजच्या तारखेला, घाईगर्दी किंवा सक्ती नसलेल्या नेहमीच्या व्यवहारात, बाजारातल्या माणसांना ही वस्तू विकली तर जी रक्कम हाती येईल, ती वाजवी किंमत. देणे असेल, तर ते दुसऱ्याच्या माथी सोपविण्यासाठी जी रक्कम मोजावी लागेल ती.

ह्या व्याख्येतला प्रत्येक शब्द महत्त्वाचा आहे. 'आजच्या तारखेला' म्हणजे काय, हे दादरच्या फूलबाजारात कळते. दसऱ्याच्या पहाटे झेंडूचा जो भाव असतो तो दुसऱ्या दिवशी विचारू नये. आपण तो कितीला घेतला, ह्याला दुसऱ्या दिवशी अर्थ उरत नाही. 'सक्ती नसलेला व्यवहार' म्हणजे काय, हे गिरणगावाला शिकवायला नको. १८ जानेवारी १९८२ ला सुमारे अडीच लाख गिरणीकामगार संपावर गेले. संप लांबला, तशी घरातली तांब्यापितळेची भांडी गेली, मग अंगावरचे सोने गेले. जो भाव मिळाला त्या भावाला ते गेले. तो भाव त्या सोन्याची वाजवी किंमत नव्हती. अडलेल्या माणसाची ती किंमत होती. लेखाशास्त्र हा भेद मानते, ही त्याची चांगली बाजू.

पूर्वी असा प्रश्न फारसा नव्हता. वस्तू ज्या किमतीला घेतली तीच किंमत वहीत राहत असे. ही पद्धत सोपी खरी, आणि तिच्यात थापा मारायलाही फारसा वाव नाही. पण ती काय झाकू शकते, हे मुंबईने पाहिले आहे. गिरण्यांच्या जमिनी वह्यांत जुन्या किमतींना पडून होत्या. वही म्हणत होती, गिरणी आजारी आहे. २००५ साली राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने मुंबईतल्या पाच गिरण्यांच्या जमिनी विकल्या, तेव्हा दादरच्या कोहिनूर गिरणी क्रमांक ३ चे ४२१ कोटी रुपये आले आणि मुंबई टेक्स्टाईल मिलचे ७०२ कोटी आले. जमीन हे आर्थिक साधन नव्हे आणि तिचे नियम आजही वेगळे आहेत. तरी धडा सारखाच आहे: वहीतला आकडा आणि बाजारातला आकडा ह्यांत अंतर पडले, की त्या अंतरात कोणाचे तरी नशीब अडकलेले असते.

आपल्या सरकारने २०१५ साली नवी भारतीय लेखामानके जाहीर केली. ५०० कोटी किंवा अधिक नक्त मालमत्ता असलेल्या कंपन्यांना ती १ एप्रिल २०१६ पासून लागू झाली, आणि पुढच्या वर्षी शेअरबाजारात नोंदलेल्या इतर कंपन्यांना व २५० कोटींवरच्या कंपन्यांना. तेव्हापासून मोठ्या कंपन्यांच्या वह्यांत पुष्कळसे आर्थिक कागद वाजवी किमतीला येऊ लागले.

पण किंमत काढायची कशी? मानकाने तीन पायऱ्या सांगितल्या आहेत, आणि आजच्या व्याख्यानातले हे सर्वांत महत्त्वाचे.

पहिली पायरी ऐकीव भावाची. शेअरबाजारात ज्या शेअरचा रोज सौदा होतो, त्याचा ३१ मार्चचा भाव पाहायचा, शेअरच्या संख्येने गुणायचा, झाले. तिथे कोणाचे मत चालत नाही.

दुसरी पायरी शेजाऱ्याच्या भावाची. आपली खोली विकलेली नाही, पण शेजारची गेल्या महिन्यात गेली. तिची पागडी किती आली ते आपल्याला ठाऊक असते. मग आपली खोली वरच्या मजल्यावर आहे, संडासाजवळ आहे, जिन्याजवळ आहे, हे जमेस धरून आपण आकडा बांधतो. ज्या कर्जरोख्याचा स्वतःचा सौदा झालेला नाही, त्याची किंमत तशाच मुदतीच्या, तशाच पतीच्या दुसऱ्या रोख्यांच्या व्याजावरून काढतात. इथे अंदाज आहे, पण अंदाजाला बाजाराचा आधार आहे.

तिसरी पायरी मोहोर पाहून बाग ठरविण्याची. कोकणातल्या मंडळींना हे माहीत आहे. कलमे मोहोरली की व्यापारी येतो आणि आंबा दिसण्यापूर्वी बागेचा सौदा करतो. किती मोहोर गळेल, पाऊस पडेल का, वाशीला भाव काय मिळेल, हे सारे तो मनात धरतो. ज्या कंपनीचे शेअर बाजारात नाहीत, तिच्या शेअरची किंमत अशीच काढतात. पुढल्या दहा वर्षांत ती किती मिळवील ह्याचा अंदाज करायचा, आणि पुढे मिळणारा रुपया आजच्या रुपयापेक्षा हलका, म्हणून कसर कापायची.

ह्या कसरीच्या दरात केवढी शक्ती आहे पाहा. दहा वर्षांनी एक कोटी रुपये मिळायचे आहेत असे धरू. कसर दरसाल ८ टक्के धरली, तर आजची किंमत सुमारे ४६ लाख ३२ हजार. १२ टक्के धरली, तर सुमारे ३२ लाख २० हजार. कारखान्यात एक नट फिरला नाही, एक वार कापड विणले गेले नाही, आणि केवळ एका दराच्या फरकाने चौदा लाख रुपये आले किंवा गेले. दर कोणी धरला? कंपनीच्या व्यवस्थापकांनी, किंवा त्यांनी नेमलेल्या मूल्यमापकाने. म्हणून तिसऱ्या पायरीच्या बाबतीत मानकाने बजावले आहे की, कोणती गृहीते धरली ते सांगा, वर्षाच्या आरंभीच्या किमतीपासून अखेरच्या किमतीपर्यंत कसे आलात ते दाखवा, आणि गृहीत बदलले तर किंमत कशी बदलेल तेही सांगा. हे सारे वार्षिक अहवालाच्या टिपांत, बारीक टाइपात असते. पुढच्या रंगीत पानांवर अध्यक्षांचा फोटो असतो.

किंमत बदलली, की फरक कुठे लिहायचा, हा पुढला प्रश्न. त्यासाठी तीन कप्पे आहेत. जो कर्जरोखा केवळ व्याज आणि मुद्दल वसूल करण्यासाठी धरून ठेवायचा, त्यावर बाजारभावाची चढउतार वहीत लिहीत नाहीत. जे कागद खरेदीविक्रीसाठी आहेत, त्यांची चढउतार थेट नफातोटा-पत्रकात जाते. आणि मधला एक कप्पा आहे, त्याला 'इतर समावेशक उत्पन्न' असे लांबलचक नाव आहे. तिथली चढउतार कंपनीच्या मालमत्तेत दिसते, पण वर्षाच्या नफ्यात दिसत नाही. खरेदीविक्रीसाठी न घेतलेला शेअर ह्या मधल्या कप्प्यात टाकायचा की नाही, हे कंपनीने तो घेतानाच ठरवायचे असते, आणि एकदा ठरविले की बदलता येत नाही. हा नियम चांगला आहे. नाहीतर चढीच्या वर्षी एक कप्पा आणि उताराच्या वर्षी दुसरा, असा खेळ सुरू झाला असता.

ह्यावर कोणी म्हणेल, एवढे अंदाज आणि एवढे कप्पे करण्यापेक्षा जुनी ठरीव किंमतच बरी नव्हती का? त्याला उत्तर म्हणून युनिट ट्रस्टच्या 'यूएस-६४' योजनेची हकीकत सांगावीशी वाटते. ती ह्याच मुंबईत घडली आणि मध्यमवर्गीयांच्या, पेन्शनरांच्या, निवृत्त कामगारांच्या घरांतून घडली.

ही योजना १९६४ साली दहा रुपयांच्या युनिटाने सुरू झाली. सरकारी संस्था म्हणून लोकांचा तिच्यावर बँकेसारखा विश्वास होता. ह्या युनिटाची विक्रीची आणि परतखरेदीची किंमत ट्रस्टच ठरवीत असे. जवळच्या शेअर-रोख्यांची बाजारात खरी किंमत किती, त्यावर ती चालत नसे. किंमत दरवर्षी हळूहळू चढे, लोक खूश असत. १९९८ साली गंगाजळी उणे झाल्याचे उघड झाले. दीपक पारेख समितीने युनिटाची किंमत मालमत्तेच्या खऱ्या किमतीला जोडावी असे सुचविले. ते वेळेवर झाले नाही. २००१ च्या उन्हाळ्यात परतखरेदीची किंमत चौदा रुपयांच्या आसपास होती आणि आतला माल तेवढ्या किमतीचा उरला नव्हता. ज्यांना आतली बातमी लवकर कळते त्या बड्या कंपन्यांनी हजारो कोटींची युनिटे परत देऊन पैसे नेले. २ जुलै २००१ ला ट्रस्टने खरेदीविक्री थांबविली. दार बंद झाले तेव्हा आत राहिले ते लहान माणूस. २००२ च्या आरंभी खरी किंमत जाहीर झाली, ती ५ रुपये ८१ पैसे. पुढे सरकारने पाच हजार युनिटांपर्यंत बारा रुपयांची हमी दिली. म्हणजे तूट अखेर सरकारी तिजोरीतून भरली गेली, आणि तिजोरी आपलीच.

ह्यात अन्याय कुठे झाला, ते छोट्या हिशेबाने पाहू. समजा, शंभर युनिटे आहेत आणि प्रत्येकाची खरी किंमत आठ रुपये. एकूण आठशे रुपये. ठरीव किंमत चौदा. वीस युनिटवाले दोनशे ऐंशी रुपये घेऊन गेले. मागे पाचशे वीस रुपये आणि ऐंशी युनिटे उरली. राहिलेल्यांच्या वाट्याला साडेसहा रुपये. जो आधी गेला, त्याने राहणाऱ्याच्या खिशातून प्रत्येकी दीड रुपया नेला. खोटी गोड किंमत ही दयाळूपणाची वाटते, पण ती अज्ञानी माणसाकडून जाणत्या माणसाकडे पैसा वाहून नेणारा पाट असते. म्हणून आमचे मत असे की, वाजवी किमतीला कितीही दोष असोत, ती न सांगणे हा त्याहून मोठा दोष आहे.

ह्याच्या उलट बाजूचे उदाहरण २०१८ चे आहे. 'आयएल अँड एफएस' ही रस्ते-बोगद्यांना पैसा पुरविणारी कंपनी. तिचे मुख्य ठाणे वांद्रे-कुर्ला संकुलात होते. पतमापन संस्था तिच्या रोख्यांना अव्वल श्रेणी देत होत्या. असे रोखे बाजारात फारसे विकले जात नाहीत, म्हणून त्यांची किंमत बहुतांशी श्रेणीवरून काढतात. ऑगस्टपर्यंत अव्वल असलेली श्रेणी सप्टेंबरात तळाला गेली, कारण कंपनी हप्ते चुकवू लागली. १ ऑक्टोबर २०१८ ला सरकारने तिचा कारभार हाती घेतला, तेव्हा तिच्या समूहाचे कर्ज नव्वद हजार कोटींच्या वर होते. कामगारांच्या भविष्यनिर्वाह निधीच्या अनेक विश्वस्त मंडळांजवळ हे रोखे होते. गणित बिनचूक होते, पण ज्या एका श्रेणीवर ते उभे होते तीच पोकळ होती. किंमत आकड्यांनी सांगितली म्हणून ती खरी होत नाही. तो आकडा कशावर टेकला आहे, हे पाहावे लागते.

आता आमच्या चळवळीच्या प्रश्नाकडे येतो. कोणती किंमत धरायची, हा वाद मुंबईच्या कामगाराला नवा नाही. १९५० साली गिरणीमालक संघ आणि राष्ट्रीय मिल मजदूर संघ ह्यांच्या बोनसच्या खटल्यात कामगार अपील न्यायाधिकरणाने जे सूत्र घालून दिले, त्यात यंत्रांच्या पुनर्स्थापनेसाठी नफ्यातून आधी रक्कम बाजूला काढायची होती. मालक म्हणत, यंत्र जुन्या भावाने घेतले, नवे महाग आहे, म्हणून जास्त रक्कम ठेवा. जेवढी किंमत जास्त धरावी तेवढा बोनस कमी. म्हणजे यंत्राच्या किमतीवरचा वाद हा दिवाळीच्या पैशावरचा वाद होता. सर्वोच्च न्यायालयापर्यंत तो गेला.

आज यंत्राची जागा कागदाने घेतली आहे. एका कारखान्याच्या वाटाघाटीत आम्ही हे पाहिले. पहिल्या वर्षी व्यवस्थापनाने तोटा पुढे केला. पानामागून पान उलटीत टिपा पाहिल्या, तेव्हा कळले की तोट्याचा मोठा भाग न विकलेल्या शेअरांची किंमत उतरल्याचा आहे. आम्ही म्हटले, पैसा तर गेलेला नाही. उत्तर आले, तोटा तो तोटा, हिशेबतपासनिसांची सही आहे. पुढल्या वर्षी तेच शेअर चढले आणि नफा दिसला. आम्ही पगारवाढ मागितली. उत्तर आले, हा केवळ कागदी नफा, ह्यातून पगार कसा देणार? दोन्ही उत्तरे एकाच माणसाने दिली, एकाच खोलीत.

ह्यात तत्त्व काय आहे, ते नीट पाहिले पाहिजे, नुसते चिडून चालत नाही. हाती न आलेला नफा वाटू नये, हे शहाणपण आहे. २०१३ च्या कंपनी कायद्यात २०१७ साली दुरुस्ती होऊन, वाजवी किमतीमुळे आलेला न वसूल झालेला नफा लाभांशासाठी धरू नये असे स्पष्ट झाले. म्हणजे भागधारकालाही तो मिळत नाही. आणि येणारा तोटा आधी कबूल करावा, हेही शहाणपण आहे. २००७-०८ साली पुष्कळ निर्यातदार कारखाने परकी चलनाच्या गुंतागुंतीच्या वायद्यांत अडकले, तेव्हा मार्च २००८ मध्ये सनदी लेखापालांच्या संस्थेने असा तोटा झाकून ठेवू नका, त्याची तरतूद करा, असे सांगितले. त्यात आमचे काही म्हणणे नाही. आमचे म्हणणे एवढेच की, मजुरीच्या टेबलावर नियम एक असावा. कागदी नफा बाजूला ठेवायचा असेल, तर कागदी तोटाही बाजूला ठेवा आणि कारखान्याने माल विकून काय मिळविले तेवढ्यावर बोलू. कागदी तोटा मोजायचा असेल, तर कागदी नफाही मोजा. उन्हाळ्याला एक माप आणि पावसाळ्याला दुसरे, असा वाणी आपण चाळीत चालवून घेत नाही.

हे विचारण्याचा अधिकार कामगाराला कायद्याने दिला होता, हे फार थोड्यांना माहीत असते. १९६५ च्या बोनस कायद्याच्या २३ व्या कलमात लिहिले होते की, तपासलेला ताळेबंद बरोबर आहे असे न्यायाधिकरण धरून चालेल. मालक हा अर्धा भाग नेहमी वाचून दाखवीत. त्याच कलमाचा उरलेला अर्धा असा की, वादात असलेल्या कामगार संघटनेने ताळेबंदातल्या कोणत्याही बाबीचा खुलासा मागितला आणि तो आवश्यक वाटला, तर न्यायाधिकरण मालकाला तो देण्याचा हुकूम करू शकत असे. तो कायदा पुढे २०१९ च्या वेतन संहितेत सामावला गेला, आणि ही तरतूद संहितेत त्या रूपात राहिली नाही. पण खुलासा मागायचा तर बाब माहीत पाहिजे. 'हिशेब खोटा आहे' असे ओरडल्याने खुलासा मिळत नाही. 'टिपांमध्ये तिसऱ्या पायरीवर दाखविलेल्या शेअरांची कसर कोणत्या दराने कापली आणि गेल्या वर्षी तो दर किती होता' असे विचारले, की समोरचा माणूस खुर्चीत सरळ बसतो.

तेव्हा आपल्यापैकी ज्यांचा मुलगा कंपनीत आहे, ज्यांचा पैसा फंडात आहे, ज्यांच्या हाती एखाद्या पतपेढीचा किंवा निधीचा कारभार आहे, त्या सर्वांना आमचे सांगणे तीन प्रश्नांचे आहे. किंमत कोणत्या पायरीवरची आहे? तिसरी असेल, तर गृहीत कोणाचे आणि किती? आणि ह्या वर्षीचा नियम गेल्या वर्षी होता का? हे विचारायला पदवी लागत नाही. वार्षिक अहवाल मागून घ्यावा, तो शेवटाकडून वाचायला घ्यावा आणि अडेल तिथे बोट ठेवून विचारावे. वाडवडिलांनी गिरणीत तागा वार मोजून पाहिल्याशिवाय सही केली नाही. कागदाच्या बाबतीतही ती सवय सोडू नये.